उद्याची तजवीज



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली उभी हयात मालवणच्या या किनाऱ्यावरील मुलांना शिकविण्यात वेचली. आणि अशा माणसाचे स्मारक दगडाविटांत न उभारता दरवर्षी चार विचार ऐकण्या-ऐकविण्याच्या रूपाने जागते ठेवावे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या विवेकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. स्मृतिव्याख्यानाचा विषयही त्या शिक्षकाच्या जिव्हाळ्याचा असावा, म्हणून धर्म, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय बाजूस ठेवून, विद्यार्थ्याने आपल्या पुढील काळाची तजवीज आधीपासून का करावी आणि ती कशी करावी, या प्रश्नाचा आज विचार करावा असे मी योजिले आहे. प्रश्न साधा दिसतो खरा. परंतु त्याविषयी उपदेश जितका झाला आहे तितका विचार झालेला नाही, आणि उपदेश ऐकून ऐकून कान किटलेल्या मुलांना निदान विचाराची तरी सोबत मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आपल्या जिल्ह्याची स्थिती प्रथम लक्षात घेऊ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे मिळून झालेले कोकण विभागीय मंडळ 2012 पासून निकाल जाहीर करू लागले, आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या उत्तीर्णांच्या शेकडेवारीत हा विभाग राज्यात अग्रस्थानी राहत आला आहे. डोंगरउतारावरच्या वाड्यांतून, खाडीपलीकडच्या गावांतून, पावसाने रस्ता अडविला तर चालत शाळा गाठणाऱ्या मुलांनी मिळविलेले हे यश आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु त्याच निकालाच्या दिवशी, पेढे वाटून झाल्यावर, जाणत्या मंडळींच्या बोलण्यात एक खंतही हटकून ऐकू येते : स्पर्धा परीक्षांत, संशोधनाच्या क्षेत्रात आणि देशातील अव्वल दर्जाच्या शिक्षणसंस्थांत आपली मुले या यशाच्या मानाने दिसत नाहीत. ही तफावत बुद्धीची असती तर निकालच असा लागला नसता! तफावत आहे ती दोन परीक्षांच्या मधल्या काळाची. फेब्रुवारीत येणाऱ्या परीक्षेची तयारी आपली मुले जिवापाड करतात; पण ती पार पडल्यावर कोणत्या वाटेला लागायचे, त्या वाटेवर कोणते विषय लागतील, कोणते दाखले लागतील, किती वर्षे जातील आणि पैशाची सोय कोठून होईल, याचा विचार मात्र निकालपत्र हातात पडल्यानंतर सुरू होतो, आणि तेव्हा त्या विचाराला जेमतेम पंधरवड्याची मुदत उरलेली असते.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : ‘देवाक काळजी.’ या उद्गारामागची श्रद्धा मी मानतो. ज्या समुद्रावर आपल्या पिढ्यानुपिढ्या जगल्या, त्या समुद्राने माणसाला नम्र व्हायला शिकविले आहे. परंतु हा उद्गार काढणाऱ्या माणसाचे घर वैशाखअखेर जाऊन पाहावे. परड्यात रतांब्याची सोले वाळत पडलेली असतात. आंब्याची साठे उन्हात फिरवून घेतलेली असतात. सुकट आणि सुके बांगडे डब्यांत भरून झाकणे घट्ट बसविलेली असतात. चुलीची लाकडे खोपीत रचून, चुडतांची झापे विणून पडवीला आडोसा केलेला असतो. आणि जून उजाडण्यापूर्वी होडी वर ओढून ती शाकारण्याचे कामही उरकलेले असते. पाऊस मृगात पडेल की आर्द्रात, वादळ येईल की न येईल, हे त्याला ठाऊक नसते आणि ते ठाऊक करून घेण्याचा त्याचा आग्रहही नसतो. पाऊस कसाही आला तरी घरातील माणसे उपाशी राहू नयेत आणि होडी वाहून जाऊ नये, एवढीच काळजी त्याने आपल्याकडे घेतलेली असते, आणि उरलेली मग देवावर सोपविलेली असते. विद्यार्थ्याकडून मला अपेक्षित असलेली तजवीज याच जातीची आहे. भविष्य अचूक ओळखणे हे तिचे काम नाही. भविष्य कोणत्याही रूपाने दारात आले तरी आपण त्याला रिकाम्या हातांनी सापडू नये, यात तिचे सारे मोल साठविलेले आहे. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि त्याला आधार म्हणून तीन उदाहरणे आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिले उदाहरण समोरच्या किल्ल्याचे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवछत्रपतींनी मालवणच्या किनाऱ्यावर, ज्या जागेला आपण मोरयाचा धोंडा म्हणतो तेथे पूजन करून कुरटे बेटावरील दुर्गाच्या कामाला आरंभ केला आणि 1667 च्या मार्चमध्ये सिंधुदुर्ग उभा राहिला, हे आपल्यातील लहान मुलालाही मुखोद्गत आहे. त्या रचनेतील दूरदृष्टीचे वर्णनही आपण पुष्कळ ऐकले आहे : खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, जवळ जाईपर्यंत नजरेस न पडणारा दरवाजा, आणि मुख्य दुर्गाच्या पाठराखणीला पद्मगड, राजकोट, सर्जेकोट यांची योजना. परंतु या बांधकामाच्या तारखा आणि त्या काळातील राजकारणाच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. पायाभरणी झाली आणि सात महिने होतात न होतात तोच, 1665 च्या जूनमध्ये, पुरंदरचा तह करून महाराजांना तेवीस किल्ले मोगलांच्या हवाली करावे लागले. पुढच्या वर्षी, 1666 च्या मे महिन्यात, ते आग्र्याच्या दरबारात उभे होते आणि तेथून ऑगस्टपर्यंत पहाऱ्यात अडकून पडले होते. म्हणजे ज्या अडीच वर्षांत हा दुर्ग उभा राहिला, ती स्वराज्याच्या इतिहासातील अत्यंत बिकट वर्षे होती. राजा परमुलखात कैदेत, मुलुखाचा मोठा भाग गेलेला, आणि मध्ये दोन पावसाळे येऊन गेलेले. तरीही हे काम कोणी अर्ध्यावर टाकले नाही. ज्या कामाचा आराखडा नीट ठरलेला असतो, ज्याची जागा, सामग्री आणि माणसे आधी नेमलेली असतात, ते काम कर्त्यावर संकट आले तरी आपल्या गतीने पुढे सरकते, ही गोष्ट या तटाने सिद्ध करून दाखविली आहे. विद्यार्थ्याच्या आयुष्यातही आजारपण येते, घरातील मिळवते माणूस जाते, एखाद्या वर्षी मासळी लागत नाही किंवा आंब्याचा मोहोर गळतो. ज्याचा अभ्यास केवळ त्या त्या दिवसाच्या उत्साहावर चालतो, त्याचा अभ्यास अशा प्रसंगी बंद पडतो. ज्याने वर्षाचा क्रम आधी लावून ठेवला आहे, त्याचा मंदावतो, पण तुटत नाही.

दुसरे उदाहरण याच मालवणात जन्मलेल्या एका विद्यार्थ्याचे आहे, आणि त्याच्यापाशी मी थोडा अधिक थांबणार आहे. कारण रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे नाव आपण पुण्यातील संस्थेच्या इमारतीवर वाचतो, त्यांच्या विद्यार्थिदशेकडे मात्र क्वचितच पाहतो. त्यांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी येथे झाला. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून. पुढे कुटुंबाचा मुक्काम रत्नागिरीस गेला, तेथील इंग्रजी शाळेत रामकृष्णाचे शिक्षण झाले, आणि 1853 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. कारकुनी पगारातून मुलाला मुंबईस ठेवणे ही त्या काळी काय गोष्ट होती, याची कल्पना ज्यांनी मुलाला होस्टेलात ठेवण्यासाठी घरचा जमाखर्च पुन्हा पुन्हा मांडला आहे, त्यांनाच यावी.

आता असे समजा की 1853 साली मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या त्या मुलाला कोणी विचारले असते, ‘बाळ, तू पुढे कोण होणार?’ तर त्याने काय उत्तर द्यावे? मी बी.ए. होणार असे तो सांगू शकला नसता, कारण मुंबई विद्यापीठच 1857 साली स्थापन व्हायचे होते. मी आधुनिक पद्धतीचा संस्कृत पंडित होणार असेही तो म्हणाला नसता, कारण पाश्चात्त्य चिकित्सा आणि शास्त्रीमंडळींची परंपरा या दोहोंना एकत्र आणणारा असा पेशा आपल्याकडे तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो पुढे निर्माण झाला तो बऱ्याच अंशी भांडारकरांच्याच हातून. ज्या पदवीने आणि ज्या विद्येने त्यांचे नाव झाले, त्या दोन्ही गोष्टी त्यांच्या विद्यार्थिदशेच्या आरंभी क्षितिजावरही नव्हत्या. मग त्यांनी तजवीज केली होती ती कशाची? त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी पक्के केले. दादाभाई नौरोजींसारखे अध्यापक ज्या संस्थेत गणित शिकवीत होते, तेथे त्यांनी गणिताची शिस्त अंगी बाणवली. नियमाने वाचणे, वाचलेले तपासणे, आणि पुराव्यावाचून विधान न करणे या सवयी त्यांनी जडवून घेतल्या. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमदानीत ज्या शिष्यवृत्त्या निघाल्या, त्यांतील दक्षिणा फेलोचे पद त्यांना मिळाले, आणि शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृताकडे वळण्याचा आग्रह केला. येथे क्षणभर थांबून विचार करावा. अशी सूचना शंभर तरुणांना झाली असती तर त्यांपैकी नव्वद जणांनी ती हसण्यावारी नेली असती किंवा तिच्या भाराखाली ते दबून गेले असते. ऐन तारुण्यात, इंग्रजी विद्येत नाव झाल्यावर, शास्त्रीबुवांपुढे मांडी घालून व्याकरण, न्याय आणि वेदान्त यांचा मुळापासून अभ्यास करायचा, याला जी धारणा लागते ती एका दिवसात तयार होत नाही. ती आधी तयार होती, म्हणूनच अकल्पित दिशेने आलेली संधी त्यांच्या हाती लागली. 1862 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्या जोडीला मालवणचा हा विद्यार्थी होता.

याच भांडारकरांनी पुढे सिंधमधील हैदराबाद येथे आणि नंतर रत्नागिरीस हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून काम केले, आणि त्या सुमारास शाळकरी मुलांसाठी संस्कृताची दोन पुस्तके रचिली : ‘मार्गोपदेशिका’ आणि ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’. या पुस्तकांवर पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत शिकल्या. त्यांतील पहिले पुस्तक एकदा उघडून पाहावे अशी माझी विद्यार्थ्यांना शिफारस आहे, मग संस्कृत शिकायचे असो वा नसो; कारण योजना म्हणजे काय हे त्याच्या पानापानावर दिसते. प्रत्येक पाठात थोडेसेच नियम. त्या नियमांपुरतीच बेतलेली संस्कृत वाक्ये इंग्रजीत उतरवायला. मग तेवढीच इंग्रजी वाक्ये संस्कृतात उतरवायला. आणि त्यांसाठी लागणाऱ्या शब्दांची यादी. पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे सोपे गण आधी घेतलेले. ज्या गणांची रूपे विद्यार्थ्याला घाबरवितात ते दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवलेले. जे अजून शिकविलेले नाही त्याची अपेक्षा कोठेही नाही, आणि जे एकदा शिकविले ते पुढच्या पाठात पुन्हा वापरल्यावाचून सोडलेले नाही. अथांग वाटणाऱ्या एका भाषेचे, रोज थोडे थोडे चालून जाण्याजोग्या मजलांत असे विभाजन झाले, आणि ते करणाऱ्याने स्वतः ती वाट उशिरा, कष्टाने चालून पाहिलेली होती. दहावीची भूमिती असो, बारावीचे रसायन असो किंवा लोकसेवा आयोगाचा अभ्यासक्रम असो, विद्यार्थ्याने आपल्या विषयाचे हेच करायचे असते : पुस्तकाचा आकार पाहून भयभीत होण्याऐवजी त्याच्या मजला पाडाव्या, सोपे कोणते आणि अवघड कोणते हे आधी ठरवावे, आणि नवे शिकताना जुन्याची उजळणी त्याच क्रमात गुंफून घ्यावी.

भांडारकरांना 1885 साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 रोजी, पुण्यास त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिच्या स्वाधीन केला. आपल्या पश्चात येणाऱ्या अभ्यासकांची सोय पाहणारा हा वृद्ध पंडित आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला तो सोळा वर्षांचा मुलगा यांच्यात मला एकच स्वभाव दिसतो.

तिसरे उदाहरण मुरुडच्या एका मुलाचे. धोंडो केशव कर्वे यांना मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती आणि त्यासाठी सातारा गाठणे प्राप्त होते. भर पावसाळ्यात, सोबत्यांबरोबर, कुंभार्ली घाट चढून शंभरावर मैलांची ही मजल त्यांनी पायी मारली. परीक्षेसाठी सतरा वर्षांचे वय आवश्यक होते. कर्व्यांचे वय भरत होते, परंतु अंगकाठी इतकी लहान की परीक्षक मंडळाच्या प्रमुखांनी, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. अभ्यास झालेला, वाट तुडवलेली, कागद जवळ असलेला, आणि तरीही दार बंद! पूर्वनियोजनाचा पुरस्कार करणाऱ्याने हे उदाहरण लपवू नये. योजना चोख असूनही ती फसते, आणि फसण्याचे कारण कित्येकदा आपल्या कक्षेबाहेरचे असते. परंतु कर्व्यांनी केलेला अभ्यास त्या दिवशी वाया गेला नाही. पुढल्या खेपेस त्यांनी कोल्हापूरच्या केंद्रातून तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. केंद्र बदलले, साल बदलले, तयारी तीच राहिली. ज्याच्यापाशी तयारी आहे, त्याला अपयशानंतर नवी वाट तेवढी शोधावी लागते. ज्याच्यापाशी नाही, त्याला वाट आणि तयारी दोन्ही शून्यापासून उभारावी लागतात. स्त्रीशिक्षणाच्या कार्यात पुढे वर्षानुवर्षे पदरी आलेली उपेक्षा पचवून चालत राहणारे महर्षी कर्वे मला त्या सातारच्या दाराशी उभे राहिलेले दिसतात.

ही तीन उदाहरणे सांगून मी थांबलो तर व्याख्यान ऐकायला बरे वाटेल, पण आपल्या मुलांच्या हाती काही पडणार नाही. म्हणून आता आजच्या व्यवहाराकडे येतो.

किनाऱ्यावरच्या पुष्कळ मुलांच्या मनात व्यापारी जहाजावर, ज्याला सर्वजण मर्चंट नेव्ही म्हणतात तेथे, जाण्याची आकांक्षा असते, आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी शिडाची गलबते हाकारली त्यांना ती असावी हे स्वाभाविकच आहे. परंतु अधिकारी म्हणून तेथे जाण्यासाठी बारावीस गणित, भौतिक आणि रसायन हे विषय चांगल्या गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि लाल-हिरव्या रंगातील भेद न ओळखणारी दृष्टी तेथे चालत नाही, कारण रात्रीच्या समुद्रात समोरच्या जहाजाची दिशा त्याच्या दिव्यांच्या रंगावरून ओळखायची असते. अकरावीला गणित अवघड म्हणून सोडणाऱ्या मुलाला हे त्याच दिवशी कोणी सांगत नाही. आणि रंगदृष्टीची तपासणी, जी नववीत असताना नेत्रवैद्याकडे अर्ध्या तासात होऊ शकते, ती अर्ज भरून, पैसे भरून झाल्यावर होते. तीच गोष्ट येथेच राहून समुद्रावर आणि मातीवर विद्येने काम करू इच्छिणाऱ्यांची. दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आणि रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून चालू आहे. मासेमारीच्या घरातील मुलासाठी मत्स्यविज्ञानाची पदवी असते, आणि तिलाही विज्ञान शाखेची वाट लागते, हे दहावीपूर्वी कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट पैशाची. आर्थिक दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत घेतली जाते. सरकारी व अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना ती देता येते, आणि यादीत नाव आले की नववीपासून बारावीपर्यंत दरसाल 12,000 रुपये मिळतात. चार वर्षांचे 48,000 होतात. ही परीक्षा आठवीतच असते. नववीत गेलेला मुलगा कितीही हुशार असला तरी त्याला ती देता येत नाही. एका वर्षाच्या गैरमाहितीची किंमत येथे आकड्यांत मांडता येते, आणि ज्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी सावकाराकडे किंवा पतपेढीकडे जावे लागते, त्या घराला हा आकडा लहान नाही.

तिसरी गोष्ट दाखल्यांची, आणि तिच्याविषयी मला अधिक कळकळीने बोलायचे आहे. निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत तालुक्याच्या कचेरीसमोर उभे राहून पाहावे. एक गृहस्थ भर पावसात छत्री बगलेत धरून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून खिडकीशी मांडीत असतात : रेशनकार्ड, सातबारा, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला. उत्पन्नाचा दाखला मिळतो, रहिवासाचा मिळतो. अडते ते जातीच्या पडताळणीशी. अनुसूचित जातीसाठी 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळातील कागद. आजोबा ज्या शाळेत शिकले, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव आहे, पण आडनाव लिहिलेले नाही. गाव नमुना चौदामधील जन्माची नोंद आहे, पण ती मोडीत आहे, आणि ती वाचून देणारा जाणकार मिळेपर्यंत आठवडा गेला. मुलगा शेजारी उभा. त्याला गुण उत्तम आहेत. आणि प्रवेशाची तारीख जवळ येते आहे. या प्रसंगात मी कोणालाही दोष देत नाही. दप्तराचे काम दप्तराच्या गतीने चालणार आणि पुराव्याची छाननी ही झालीच पाहिजे. परंतु हेच कागद मूल दहावीत असताना, गणपतीला चाकरमानी घरी आले म्हणजे चुलते-आत्यांना विचारून, वंशावळ लिहून, शाळेत अर्ज करून उतारे घेऊन ठेवले असते, तर त्या जून महिन्यात मुलाने पुढील अभ्यासाला सुरुवात केली असती. शिक्षणाचे नियोजन म्हणजे केवळ वेळापत्रक नव्हे. त्यात घराच्या ट्रंकेतील कागदही येतात, आणि ते जमविण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतः करावे, कारण त्या निमित्ताने त्याला आपल्या घराण्याचा इतिहास कळतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. पुढची तजवीज करणे आणि मुलाचे आयुष्य बांधून टाकणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाळण्यातच मुलाचा डॉक्टर किंवा इंजिनिअर ठरवून त्याच्यावर शिकवण्यांचा भडिमार करणारे पालक स्वतःस दूरदर्शी समजतात. वस्तुतः त्यांनी आपल्या इच्छेला मुलाच्या भविष्याचे नाव दिलेले असते. भांडारकरांचा दाखला मी विस्ताराने दिला तो याचसाठी. बालपणीच कोणी त्यांचे अंतिम ध्येय ठरवून दिले असते, तर बहुधा ते महसूल खात्यातील एक कर्तबगार अधिकारी झाले असते आणि महाराष्ट्र एका विद्येला मुकला असता. पक्क्या करायच्या असतात त्या भाषा, गणित, वाचनाची सवय, शरीराचे आरोग्य आणि वेळेचे भान या पाच गोष्टी, ज्या कोणत्याही वाटेवर उपयोगी पडतात. आणि उघडी ठेवायची असतात ती दारे, ज्यांतून पुढे जावेसे वाटेल. म्हणूनच अकरावीला गणित सोडताना विचार करा असे मी म्हणतो, त्यात गणित सर्वांनी घेतलेच पाहिजे असा आग्रह नाही. कोणते दार आपण बंद करीत आहोत हे उमजून ते बंद करावे, एवढाच आहे. आणि खेळणे, भजनाला बसणे, दशावताराला रात्र जागविणे, यांनाही वर्षाच्या आराखड्यात जागा असावी. ज्या योजनेत आनंदाला जागा नाही, ती योजना मूल पाळीत नाही, चुकवीत राहते.

शेवटी दोन सूचना करून भाषण आटोपते घेतो. पहिली विद्यार्थ्यांना. नववीत प्रवेश केल्यावर प्रत्येकाने एक साधी वही करावी. तिच्या पहिल्या भागात या वर्षीचा अभ्यास महिन्यांच्या मजलांत वाटून लिहावा आणि महिनाअखेर काय राहून गेले तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. दुसऱ्या भागात ज्या दोन-तीन वाटा आवडतात त्यांपैकी प्रत्येकीला कोणते विषय, किती वर्षे, कोणती परीक्षा आणि किती खर्च लागतो, हे शिक्षकांना व त्या वाटेने गेलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. आणि तिसऱ्या भागात दाखले, त्यांची मुदत आणि ते कोठे ठेवले आहेत याची यादी असावी. दरवर्षी ही वही पुन्हा वाचून बदलावी. मन बदलले म्हणून तिच्यातील पाने खोडावी लागली, तर त्याची लाज वाटू देऊ नये. नीट विचार करून खोडलेले पान हेही त्या वर्षाच्या अभ्यासाचेच फळ आहे.

दुसरी सूचना शिक्षकांना आणि या व्याख्यानमालेच्या चालकांना. शिष्यवृत्त्या, प्रवेश आणि दाखले यांच्या तारखा कोणा एकट्या-दुकट्या पालकाने धुंडाळीत बसण्यापेक्षा प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे हे काम सोपवावे, त्यांनी वर्षारंभी त्यांची यादी फलकावर लावावी, आणि गावच्या वाचनालयाने तिची प्रत आपल्याकडे ठेवावी, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांनाही ती पाहता येईल. जून महिन्यात, पहिल्या पंधरवड्याच्या आत, मालवण तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या फलकावर अशी यादी लागावी, असा संकल्प या सभेने आज करावा. ज्या शिक्षकांच्या नावाने आपण येथे जमलो, त्यांनी मुलांसाठी जन्मभर जे केले, तेच काम आपण पुढे चालविले असे होईल. आणि निकालात अव्वल येणारा हा जिल्हा निकालानंतरच्या वाटचालीतही मागे राहणार नाही.